घोडे वाढले, कोंडवाडे भरले. अमेरिकेच्या सरकारी कुरणांवरचा तिढा सुटेना

मोकाट जनावर कुणाच्या उभ्या पिकात शिरलं की ते ग्रामपंचायतीच्या कोंडवाड्यात जातं. मालक येतो, दंड भरतो, जनावर सोडवून नेतो. पण मालकच सरकार असेल, गिऱ्हाईक मिळत नसेल आणि मारायलाही बंदी असेल तर? अमेरिकेच्या पश्चिम भागात रानटी घोड्यांच्या बाबतीत नेमकं हेच झालंय.

तिथल्या केंद्र सरकारचं भूव्यवस्थापन खातं दहा राज्यांतल्या सरकारी कुरणांवर हे घोडे आणि काही रानटी गाढवं सांभाळतं. खात्याच्या हिशेबाने या कुरणांना झेपतील अशी जनावरं साधारण 26 हजार. 2024 च्या अंदाजात ती 73 हजारांवर होती. त्याशिवाय पकडून आणलेली 60 हजारांहून जास्त जनावरं सरकारी कोंडवाड्यांत आणि भाड्याच्या कुरणांवर उभी आहेत. त्यांचा चारा, पाणी, औषध सगळं सरकारच्या खर्चाने.

कायदा आला कसा?

घोडा तिथे स्पॅनिश लोकांबरोबर सोळाव्या शतकात आला. पुढे लष्कराने आणि पशुपालकांनी सोडलेले घोडेही त्यात मिसळत गेले. विसाव्या शतकात ट्रक आणि विमानं लावून या घोड्यांना पळवायचे, पकडायचे आणि कुत्र्यांच्या खाद्यासाठी कापायचे. 1950 साली नेवाडा राज्यातल्या वेल्मा जॉन्स्टन नावाच्या नोकरदार बाईंनी घोडे भरलेल्या एका ट्रकमधून रक्त गळताना पाहिलं आणि या प्रकाराविरुद्ध मोहीम उघडली. शाळेतल्या पोरांनी खासदारांना पत्रांचा पाऊस पाडला. 1959 मध्ये वाहनं लावून घोडे पकडायला बंदी आली, आणि डिसेंबर 1971 मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी रानटी घोड्यांना संरक्षण देणाऱ्या कायद्यावर सही केली.

तेव्हा घोडे आणि गाढवं मिळून 25 हजारांच्या आसपास होती. कायद्याने त्यांना वाचवलं, यात शंका नाही. पण रानात त्यांना खाणारं जनावर फारसं उरलेलं नाही. पहाडी सिंह काही शिंगरं उचलतो, तेवढंच. त्यामुळे कळप वर्षाला 15 ते 20 टक्क्यांनी वाढतो आणि चार-पाच वर्षांत दुप्पट होतो. 2020 मध्ये आकडा 95 हजारांवर गेला होता. त्यानंतर हेलिकॉप्टरने हाकून मोठ्या प्रमाणात धरपकड झाली. एकट्या 2022 मध्ये 20 हजार जनावरं उचलली. तेव्हा कुठे आकडा थोडा खाली आला.

एका घोड्यामागे हजार एकर

घोड्यांसाठी ठेवलेली जमीन 2 कोटी 70 लाख एकरांच्या घरात आहे. म्हणजे 26 हजारांच्या हिशेबाने एका घोड्याला हजार एकर. ऐकताना हे खूप वाटतं. पण निम्मे घोडे ज्या नेवाडात आहेत, तिथे वर्षाचा सरासरी पाऊस अडीचशे मिलिमीटरच्या आसपास. आपण माण-आटपाडीला दुष्काळी म्हणतो, तिथे जवळपास त्याच्या दुप्पट पडतो. अशा जमिनीवर गवत एकदा मुळापासून गेलं की परत यायला कित्येक वर्षं लागतात. त्याच पाणवठ्यांवर हरणं, रानमेंढ्या, रानकोंबड्याही जगतात. दुष्काळात घोडे तहानेने मरायला टेकल्यामुळे तातडीने पकडावे लागल्याचे प्रसंगही तिथे आले आहेत.

गाय विरुद्ध घोडा

भांडणाचं खरं मूळ इथे आहे. याच खात्याच्या साडेपंधरा कोटी एकर जमिनीवर पशुपालकांना परवान्याने गुरं चारता येतात. गाय-वासराच्या एका जोडीला महिन्याचा दर 2019 पासून 2025 पर्यंत 1.35 डॉलर होता, म्हणजे सव्वाशे रुपयांच्या आत. खासगी रानात याच्या कितीतरी पट मोजावे लागतात. घोडेप्रेमी संघटनांचं म्हणणं असं, की गुरं घोड्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत, कुरण त्यांनी खाल्लं आणि आळ मात्र घोड्यावर येतो. 26 हजार ही मर्यादाही पशुपालकांच्या सोयीने ठरवली, असा त्यांचा आरोप आहे.

पशुपालकांची बाजूही ऐकण्यासारखी आहे. त्यांची गुरं ठरलेल्या महिन्यांतच कुरणात जातात, नंतर जमिनीला विसावा मिळतो. दुष्काळ पडला की सरकार गुरं कमी करायला सांगतं. घोडा मात्र बारा महिने तिथेच. गाईला वरचे पुढचे दात नसतात, ती जिभेने गवत ओढून खाते. घोडा दोन्ही दातांनी बुडख्यापर्यंत कुरतडतो. तो रवंथ करत नाही, त्यामुळे त्याला चाराही जास्त लागतो. दोघांचंही थोडं-थोडं खरं आहे, म्हणूनच निकाल लागत नाही.

पैसा कोंडवाड्यात जिरतो

2023 या आर्थिक वर्षात या कार्यक्रमावर 15 कोटी डॉलरपेक्षा जास्त खर्च झाला. आपल्या पैशात तेराशे कोटींच्या घरात. त्यातले सुमारे दोन तृतीयांश पकडलेल्या जनावरांना पोसण्यातच गेले. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो, म्हणजे आज आत घातलेलं जनावर पुढची कित्येक बजेटं खाणार.

यावर उपाय म्हणून 2019 मध्ये सरकारने घोडा दत्तक घेणाऱ्याला हजार डॉलर द्यायला सुरुवात केली. दत्तकाचा आकडा वाढलाही. पण काहींनी पैसे घेतले आणि जनावर अशा बाजारात नेऊन विकलं, जिथून ते परदेशातल्या कत्तलखान्यात जातं. हे 2021 मध्ये वर्तमानपत्रांतून उघड झालं. 2025 मध्ये न्यायालयाने ही योजना रद्द केली. म्हातारे घोडे बिनशर्त विकण्याची तरतूद 2004 पासून कायद्यात आहे. पण कत्तलीसाठी सरकारी पैसा वापरायचा नाही, अशी अट संसद बजेटमध्ये घालत आली आहे. 2017 मध्ये ट्रम्प सरकारने ती सैल करायला पाहिली, संसदेने ऐकलं नाही.

हिशेब साधा आहे. 73 हजारांवर 15 टक्के वाढ धरली, तरी वर्षाला 11 हजार जनावरं वाढतात. तेवढी उचलली तर आकडा फक्त जागच्या जागी राहतो. चांगल्या वर्षात घरं मिळतात ती सात-आठ हजारांना. उरलेली कोंडवाड्यात.

त्यात आणखी एक पेच आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने 2013 मध्ये सांगितलं, की नुसती धरपकड केल्याने कळपाची वाढ उलट जोरात राहते. विरळणी केल्यावर राहिलेली रोपं जोमाने येतात, तसंच हे. मागे राहिलेल्या घोड्यांना चारा भरपूर मिळतो आणि जास्त शिंगरं जगतात. समितीने भर दिला तो गर्भ रोखणाऱ्या लसीवर.

ही लस चालते, हे सिद्ध झालंय. मेरिलँडच्या किनाऱ्यावरच्या असाटीग बेटावर 1994 पासून घोड्यांना लांबून सुई मारून लस देतात. तिथला कळप पावणेदोनशेवरून हळूहळू शंभराच्या आत आला. पण ते बेट आहे, घोडे माणसाळलेले आणि एकेक ओळखीचा. नेवाडाच्या माळावर घोडा माणूस दिसला की मैलभर पळतो. लसीचा असर साधारण वर्षभर टिकतो, पुन्हा द्यावी लागते. त्यासाठी माणसं आणि पैसा हवा, आणि पैसा तर चाऱ्यात संपलेला.

ऑस्ट्रेलियाने वेगळी वाट धरली. न्यू साउथ वेल्स राज्याने 2023 मध्ये कोशियुस्को राष्ट्रीय उद्यानात हेलिकॉप्टरमधून घोडे मारायला परवानगी दिली. 2027 च्या मध्यापर्यंत तिथे 3 हजार घोडे ठेवायचे, असं ठरलंय. आकडा कमी होतोय, पण लोकांत उभी फूट पडली.

आपल्यासाठी यात काय?

अमेरिकेचा घोड्यांचा कायदा 1971 चा, आपला वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. विदर्भ-मराठवाड्यात रोही आणि रानडुकरांनी रात्रीत पीक झोपवलं की सकाळी शेतकरी पंचनाम्यासाठी धावतो. दुसरीकडे, 2015 पासून राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे. 2024 मध्ये सरकारने गोशाळांतल्या देशी गाईंसाठी रोज 50 रुपये अनुदान मंजूर केलं. जनावर वाचवायचं की नाही, हा मुद्दाच नाही. वाचवल्यावर त्याचा चारा कुणाचा, संख्या कोण मोजणार, वाढ कोण रोखणार, हे कायदा करतानाच ठरवावं लागतं. अमेरिकेने 50 वर्षं ते पुढे ढकललं आणि आता पैसा हाताशी असूनही गाडी चिखलात रुतलीय.

त्यामुळे ग्रामसभेत वनखात्याचे किंवा पशुसंवर्धनचे साहेब आले, तर भरपाई कधी मिळणार एवढंच विचारून थांबू नये. तालुक्यात रोही किती, पाच वर्षांपूर्वी किती होते, आणि पुढच्या पाच वर्षांसाठी काय ठरवलंय, हेही विचारावं. भरपाई गेल्या हंगामाची असते. येणाऱ्या हंगामाचं उत्तर त्या आकड्यांतच आहे.