शेवटचा अर्धा दिवस

मैत्रिणींनो, युरोपच्या ग्रुप टूरचे शेवटचे दोन दिवस कसे असतात, हे जाऊन आलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. पाय सुजलेले, चिवड्याचा डबा तळाला गेलेला आणि डोक्यात एकच विचार, कोणाकोणाला काय न्यायचं! आमची टूर लंडनला संपली. बिग बेन झालं, टॉवर ऑफ लंडनमध्ये कोहिनूर बघून 'आपलाच आहे हो' म्हणून झालं. शेवटच्या दिवशी दुपारी बस आम्हाला ऑक्सफर्ड स्ट्रीटला सोडणार होती. 'शॉपिंगसाठी मोकळा वेळ', असं कार्यक्रमपत्रिकेत छापलंच होतं.

मोकळा वेळ कुणाचा, हा प्रश्न मला पडला तो नाशिकच्या काकूंमुळे.

काकू निवृत्त शिक्षिका. टूरचे पैसे त्यांच्या फंडातले. पण पासपोर्ट, फॉरेक्स कार्ड, फोन, सगळं काकांच्या कमरेच्या पाऊचमध्ये. काकूंच्या पर्समध्ये काय, तर सुपारी, गोळ्या आणि सत्तावीस नावांची यादी. हसू नका, माझा पासपोर्टही ह्यांच्याकडेच होता. मी समाजकार्य करते, बचतगटातल्या बायकांना 'स्वतःचं खातं स्वतः सांभाळा' म्हणून सांगते, आणि लंडनमध्ये चहाच्या पैशासाठी नवऱ्यापुढं हात पसरते! लाज वाटली, खरं सांगते.

आदल्या रात्री काकू हळूच म्हणाल्या, "अगं, इथं रखमाबाई शिकल्या ना? ती जागा बघता येईल का?"

डॉ. रखमाबाईंची गोष्ट काकू दर वर्षी मुलींना सांगायच्या. अकराव्या वर्षी लग्न. 1884 मध्ये नवऱ्यानं नांदायला यावं म्हणून कोर्टात दावा लावला. 1887 मध्ये कोर्टानं सांगितलं, नांदायला जा, नाहीतर तुरुंगात. ही बाई म्हणाली, तुरुंग पत्करला! शेवटी 1888 मध्ये पैसे देऊन तडजोड झाली. पुढच्याच वर्षी त्या लंडनला आल्या आणि इथल्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत शिकून 1894 मध्ये डॉक्टर झाल्या. मग सुरत, राजकोट इथं कितीतरी वर्षं बायकांची सेवा. आनंदीबाई आपल्याला माहीत असतात, त्या फार लवकर गेल्या. रखमाबाईंनी मात्र आयुष्यभर डॉक्टरकी केली, तरी त्या पटकन आठवत नाहीत.

सकाळी नाश्त्याला काकूंनी विषय काढला. काका म्हणाले, "परक्या देशात हरवलीस म्हणजे? आणि खरेदी कोण करणार?"

काकू शांतपणे म्हणाल्या, "यादी तुम्ही घ्या. नावं बरीचशी तुमच्याकडचीच आहेत. आणि माझं कार्ड द्या. ट्यूबमध्ये प्रत्येकाला आपापलं कार्ड लावावं लागतं."

टेबलावर एकदम शांतता. काकांनी पाऊचची चेन उघडली. मीही ह्यांच्यापुढं हात केला, तेवढ्यात आपलंही काम उरकून घेतलं!

टूर मॅनेजरनं बजावलं, पाच वाजता मार्बल आर्च. आम्ही दोघी ऑक्सफर्ड सर्कसहून निघालो, होबर्नला गाडी बदलली, रसेल स्क्वेअरला उतरलो. हंटर स्ट्रीट तिथून चालत जवळ. लाल विटांची इमारत, आत आता आरोग्यकेंद्र. आजची इमारत रखमाबाईंच्या नंतर नव्यानं बांधलेली, पण जागा तीच. बघण्यासारखं म्हणाल तर काही नाही. काकू समोरच्या फूटपाथवर दहा मिनिटं नुसत्या उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "पस्तीस वर्षं पोरींना सांगत आले. आता वाटतंय, खोटं सांगितलं नाही."

परतताना होबर्नला आम्ही उलट्या दिशेच्या गाडीत चढलो! चान्सरी लेनला लक्षात आलं. मार्बल आर्चला बारा मिनिटं उशीर. बसमध्ये चेहरे वाकडे. कुणीतरी बोललंच, "बायकांना सोडलं की असंच होतं." चूक आमची होती, आम्ही सगळ्यांची माफी मागितली. पण आदल्या दिवशी फोटोंच्या नादात तिघे पुरुष अर्धा तास उशिरा आले, तेव्हा 'पुरुषांना सोडलं की' असं कुणी म्हणालं नव्हतं.

काकांनी यादीतली अठरा नावं उरकली होती. नऊ राहिली. एक महागडी पर्सही घेतली होती, टॅक्स विमानतळावर परत मिळेल या भरवशावर. पॅरिसमध्ये तसा मिळतो, पण लंडनच्या दुकानातून सामान सोबत नेणाऱ्या पर्यटकांना ही सवलत 1 जानेवारी 2021 पासून बंद आहे. जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवा.

परवा काकूंचा फोन आला होता. राहिलेल्या नवांपैकी एक नणंदबाई, त्या अजून रुसलेल्या आहेत. "रुसू दे," काकू म्हणाल्या, "पुढच्या दिवाळीला साडी देईन." हसत होत्या, पण आवाजात थोडं ओझंही होतं. सवयी एका दुपारी सुटत नाहीत.

भेटवस्तू आणू नका, असं मी म्हणत नाही. घरच्यांसाठी चार गोष्टी निवडण्यात आपल्यालाही आनंद असतो. पण लाखो रुपये खर्चून, हजारो मैल जाऊन शेवटचा अर्धा दिवसही आपण दुसऱ्यांच्या यादीत घालवायचा का? तेव्हा निघण्यापूर्वी तीन गोष्टी ठरवा. आपला पासपोर्ट आपल्या पर्समध्ये. आपलं कार्ड आपल्या हातात, पिन आपल्या डोक्यात. आणि एक ठिकाण आपल्या मनाचं, मग ते बाग असो, वाचनालय असो, की नुसता नदीकाठचा बाक.

हरवाल अशी भीती वाटते? आम्हीही एक स्टेशन चुकलो. उतरलो, विचारलं, उलट्या गाडीनं परत आलो.