माती परत कशी आणायची?



अतिवृष्टीच्या मदतीमुळे शेतकरी ‘आयतोबा’ झाल्याचे पत्र वाचले. लेखकांनी सीना नदीकाठी येऊन जावे. सप्टेंबर २०२५च्या पुरानंतर आमच्या मळईच्या रानात सोयाबीन नव्हतेच, मातीही नव्हती. खाली उघडा मुरूम, आणि त्यात कुणाच्या तरी गोठ्याचा वाकलेला पत्रा.

राज्य सरकारच्या मदत पॅकेजचा ‘३१ हजार ६२८ कोटी’ हा आकडा कागदावर मोठा दिसतो. कोरडवाहू पिकाला केंद्राच्या निकषाने हेक्टरी ८,५०० रुपये, म्हणजे एकरी ३,४००. त्यात बियाणे, खत आणि फवारणी बसवून दाखवा! खरडलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख, शिवाय रोजगार हमीतून तीन लाखांपर्यंत. घोषणा चांगली, हे मान्य. पण रोहयोत मजुरांचे काम हिरावणारे यंत्र शक्यतो चालत नाही, आणि दीड फूट माती फावड्या-पाटीने भरून होत नाही. शिवाय माती आणायची कुठून?

आमचा सातबारा सामाईक. धाकटा भाऊ पुण्यात. मदत मिळवायला त्याच्या संमतिपत्रासाठी आणि ई-केवायसीसाठी माझ्या चार चकरा झाल्या. आयते म्हणतात ते हेच असेल तर लेखकांनी एक चक्कर माझ्याबरोबर मारावी. एसटीचे तिकीट मी काढीन.

– एक शेतकरी, सोलापूर जिल्हा