आधी निरीक्षण, मग नाव

पतंग म्हटले की बडोद्याच्या मुलांना उत्तरायण आणि मांजा आठवतो. हा लेख मात्र पावसाळ्यात हरणीतल्या आपल्या घरी ट्यूबलाइटभोवती घिरट्या घालणाऱ्या पतंगांविषयी आहे. विज्ञान प्रकल्पासाठी मुले त्यांचा मोबाइलवर फोटो काढतात, मोबाइल नाव सुचवतो, ते वहीत उतरते आणि गुण मिळतात. माझ्या मते हे गुण मुलाने काय पाहिले यावर द्यावेत.

पतंग पाहण्याचा एक क्रम असतो. आधी मिशा पाहाव्यात. फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला काडीच्या गुलासारखी गाठ असते. पतंगाच्या मिशा बहुधा दोऱ्यासारख्या किंवा पिसासारख्या असतात. अनेक जातींत नराच्या मिशा अधिक झुपकेदार असतात, कारण मादीचा गंध तो त्यांनीच टिपतो. मग बसण्याची ढब: पंख सपाट पसरलेले, की छपरासारखे उतरते? शेवटी पंखांचा आकार, रेषा आणि ठिपके.

दिसते तसे नसते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे पाठीवर कवटीचे चित्र असलेला, पोळ्यात शिरून मध चोरणारा पतंग. कवटी दिसली की आपण तिथेच थांबतो. पण भारतात त्याच्या दोन जाती आहेत आणि कवटी दोन्हींना असते. फरक मागच्या पंखांत आहे: एकीचे पिवळे, त्यांवर काळे पट्टे, दुसरीच्या पंखांचा बुडाकडचा भाग काळा. पतंग बसला की हे पंख बहुधा झाकले जातात, मग फोटोत ते येणार कसे?

ही केवळ हौस नाही. २०१८ मध्ये कर्नाटकात मक्यावर लष्करी अळी आढळली आणि लवकरच ती इतर राज्यांत पसरली. ही एका पतंगाचीच अळी. डोक्यावर इंग्रजी 'वाय'चे उलटे अक्षर आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके, ही तिची खूण. ज्याला ती वेळीच दिसली, त्याचे पीक वाचण्याची आशा अधिक.

काही पालक म्हणतील, नाव चुकले तर गुण जातील. म्हणूनच शिक्षकांना विनंती की 'जात निश्चित सांगता येत नाही' हे उत्तरही, कारणासह लिहिले असेल, तर बरोबर धरावे. काही जाती तज्ज्ञांनाही सूक्ष्मदर्शकाशिवाय ओळखता येत नाहीत.

विश्वस्तांनाही एक विनंती. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात २०१२ पासून अनेक देशांत पतंग सप्ताह पाळला जातो. त्या आठवड्यात एका संध्याकाळी शाळेच्या भिंतीवर पांढरी चादर आणि एक दिवा लावू द्यावा. पालक सोबत थांबतील. टाचण्या नकोत, मेलेल्या पतंगांची पेटीही नको. तारीख, जागा, लांबी आणि हाताने काढलेले चित्र एवढे वहीत असले की पुरे. चित्र वाकडेतिकडे आले तरी चालेल, ते मुलाने स्वतः पाहून काढलेले असावे.

— एक पालक