पहिले वाचन कोणासाठी?

“जुना करार यहुद्यांचा, आपल्याला शुभवर्तमान पुरे,” असे आमच्या धर्मग्रामांतील सुशिक्षित मंडळीही बोलतात. हे मत नवे नव्हे. दुसऱ्या शतकात मार्सियनने तेच मांडले होते आणि ख्रिस्तसभेने ते पाखंडी ठरविले.

यहुदी बांधव काय करतात ते पाहावे. मोशेच्या पाच पुस्तकांचे 54 भाग करून ते वर्षभरात, शब्बाथामागून शब्बाथ, सारे वाचतात. वंशावळ्या, कुष्ठरोगाचे नियम, निवासमंडपाची मापे, काहीही गाळीत नाहीत. (आम्ही असतो तर प्रथम तेच गाळले असते!) मग सिम्हात तोरा हा सण येतो. ग्रंथपट उराशी धरून लोक सभास्थानात नाचतात. त्याच दिवशी ‘अनुवादा’चा शेवट वाचला जातो: वचनदत्त भूमी दुरून पाहून मोशे तिच्या सीमेबाहेरच देह ठेवतो. पण वाचन तेथे थांबत नाही. लगेच ‘उत्पत्ती’चा पहिला अध्याय सुरू होतो. अपुऱ्या राहिलेल्या आयुष्याला लागूनच सृष्टीचा आरंभ! एवढे सांत्वन आमच्या अंत्यविधीच्या प्रवचनांत क्वचितच आढळते.

1969 च्या वाचनसंग्रहाने बहुतेक रविवारी जुन्या कराराचे वाचन आपल्याला परत दिले. ते चालू असताना उशिरा आलेले भाविक बाकावर जागा शोधीत असतात. आणि आम्ही धर्मगुरू? प्रवचनात त्याचा साधा उल्लेखही करीत नाही. भाविकांना कोणत्या तोंडाने बोलावे?

नाझरेथच्या सभास्थानात प्रभू येशू वाचावयास उभा राहिला, तेव्हा त्याच्या हाती यशया संदेष्ट्याचा ग्रंथपट होता.