जादूचा नियम कुणी केला?

मैत्रिणींनो, दिवाळीच्या सुट्टीत भाचेमंडळी आली की घराचं काय होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. यंदा पुण्याहून आलेल्या भाच्याने कपड्यांची एक लहानशी पिशवी आणली आणि संगणकाची भलीमोठी बॅग. भाचा अकरावीत, माझी लेक नववीत. मी आत चकल्या तळत होते आणि बाहेरच्या खोलीतून आवाज येत होते. "तुझा माना संपलाय, आता कशी मारशील?" "थोडी विश्रांती घेतली की परत भरतो रे दादा!" मला वाटलं, कुणाची तरी मान अवघडलीय. मग "रक्ताची जादू" असं काहीतरी कानावर आलं आणि मी हातातल्या झाऱ्यासकट बाहेर गेले.

बघते तर वीज गेलेली, पडदा काळा, खेळ बंद. तरी दोघं तावातावाने भांडत होती. हार-जीत किंवा गुण हा विषयच नव्हता. त्या खेळातल्या जगात जो कायदा आहे तो बरोबर की चूक, ह्यावर वाद चालला होता.

आपल्याला व्हिडिओ गेम म्हटलं की मोबाइलवर गोळ्या झाडणारी पोरं आठवतात. हे खेळ जरा वेगळे. ह्यांत एक पात्र आपण घ्यायचं, योद्धा म्हणा, चोर म्हणा, जादूगार म्हणा, आणि एका बनवलेल्या जगात त्याचं आयुष्य जगायचं. त्या जगाला नकाशा असतो, राजघराणी असतात, देव असतात, जुनी भांडणं असतात. आणि जादू असली तरी ती वाटेल तशी चालत नाही. 'माना' हा शब्द मुळात पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरच्या लोकांचा, माणसातल्या किंवा वस्तूतल्या दैवी शक्तीसाठी. खेळ करणाऱ्यांनी तो उचलून जादूगाराच्या अंगातली शिल्लक मोजायचं माप केला. आपल्या गॅस सिलिंडरसारखं! मंत्र टाकला की कमी होतो, संपला की बसा.

भांडण चाललं होतं 'ड्रॅगन एज' नावाच्या खेळावरून. कॅनडातल्या बायोवेअर कंपनीने 2009 साली तो काढला. म्हणजे माझ्या लेकीपेक्षा वयाने मोठाच. त्या जगात एखादं मूल जादू घेऊन जन्मलं की त्याला आईबापांपासून काढून एका मनोऱ्यात नेऊन ठेवतात. पहाऱ्याला हत्यारबंद धर्मरक्षक. मुलाचं थोडं रक्त कुपीत काढून ठेवायचं, पळालंच तर माग लागावा म्हणून. मोठं झालं की परीक्षा. ज्याचा भरवसा वाटत नाही त्याच्या भावनाच पुसून टाकायच्या. जादूही गेली, हसणं-रडणंही गेलं. हे सगळं कशासाठी, तर जादू असलेल्याच्या अंगात भूत शिरू शकतं आणि मग गावंच्या गावं जळतात.

भाचा म्हणत होता, "कोंडलं नाही तर लोक मरतील. आत्या, तूच सांग, बॉम्ब कुणी घरात ठेवतं का?"

लेक म्हणाली, "एकाने गाव जाळलं म्हणून सगळ्यांना कोंडायचं? आणि कोंडलं म्हणूनच ते चिडतात ना! मग परत म्हणायचं, बघा, आम्ही सांगत नव्हतो?"

मी झारा घेऊन उभीच राहिले. आमच्या काळी ह्याच कायद्याला 'सातच्या आत घरात' म्हणत. तुझ्या भल्यासाठीच सांगतो, बाहेरचे लोक वाईट आहेत, आणि तू सुद्धा तशी भरवशाची नाहीस! मला तो मनोरा परका वाटेना. जगभरातले खेळणारे गेली कित्येक वर्षं ह्या मनोऱ्यावर दोन तट पाडून भांडताहेत, असं भाच्याने सांगितलं. पुढच्या भागांत तर हेच भांडण युद्धापर्यंत जातं. मला गंमत वाटली ती ही, की माझी लेक आमच्यासमोर कधी एवढं सलग बोलली नव्हती.

चकल्यांचा घाणा जळला, ते जाऊ द्या.

रात्री जेवताना भाच्याने जादूगारांचे प्रकार सांगितले. बेल्जियममधल्या लॅरियन कंपनीचा 'बाल्डर्स गेट 3' हा 2023 सालचा खेळ. त्यात एक जादूगार पोथ्या वाचून शिकतो, दुसऱ्याला ती जन्मजात असते, तिसरा कुणा बलाढ्य शक्तीशी करार करून ती मिळवतो आणि चौथ्याला देव देतो. प्रत्येकाचं बंधन वेगळं. हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे आजोबा आले, पाटावर बसून 'नवनाथ भक्तिसार' वाचणारे.

आपला नगर जिल्हा, म्हणजे आता अहिल्यानगर, हा नाथांचा मुलूख. पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथ, तिकडे वृद्धेश्वर, मधे गर्भगिरीचे डोंगर. मढीच्या यात्रेतल्या रेवड्या खाल्ल्या नाहीत असं घर आमच्या भागात सापडायचं नाही. धुंडिसुत मालूचा हा ग्रंथ 1819 सालचा, चाळीस अध्यायांचा. त्यात काय नाही? मंत्रून फेकलेलं चिमूटभर भस्म आहे, वारा रोखणारी अस्त्रं आहेत, नाथांच्या आणि देवांच्या लढाया आहेत. पण फुकट काही नाही. मच्छिंद्रनाथाला शाबरी विद्येसाठी देवता एकेक करून प्रसन्न करून घ्याव्या लागल्या, नुसती बुद्धी असून भागलं नाही. सरस्वतीबाईने पुत्रासाठी मिळालेलं भस्म शेजारणींच्या बोलण्याने उकिरड्यावर टाकलं, तर बारा वर्षांनी त्याच उकिरड्यातून गोरखनाथ निघाला. भस्म वाया गेलं नाही, जागा तेवढी बदलली. ह्या जगाला नियम आहे तो असा.

आणि गहिनीनाथाची गोष्ट! गोरख संजीवनी मंत्र पाठ करत बसलाय. गावातली पोरं येतात, चिखलाची गाडी करून दे म्हणतात, मग गाडीवान हवा म्हणतात. तोंडाने मंत्र चालू आणि हाताने बाहुलं चालू. बाहुलं जिवंत होतं. पोरं भूत भूत म्हणत पळतात. मी हे सांगितलं तर भाचा ताटावरून उठलाच. "आत्या, हा तर बग आहे!" बग म्हणजे खेळात राहून गेलेली चूक. लेक म्हणाली, "चूक कशी? मंत्र म्हटला की काम करणार, मनात काय होतं ते तो बघत नाही. नियम पक्काच आहे." मग स्त्रीराज्याचा विषय निघाला. मारुतीच्या भुभुःकारामुळे त्या राज्यात पुरुष टिकत नाही, मग राज्य कोण चालवणार, शेती कोण करणार, सैन्य कुणाचं, ह्यावर रात्री अकरापर्यंत खल झाला. तिथेही मैनाकिनीकडे रमलेल्या मच्छिंद्राला शिष्य येऊन घेऊन जातो. मैनाकिनीचं पुढे काय, ते विचारलं फक्त लेकीने.

आमच्या माहेरी ही पोथी आजोबा वाचत. बायकांनी ऐकायची, वाचायची नाही, असा दंडक होता. मी दहा वर्षांची असताना विचारलं होतं, का? आजोबा म्हणाले, नाथांचं कडक असतं. कडक म्हणजे काय, ते नाही सांगितलं.

खरं तर जग रचणं ही काही आपल्याला परकी गोष्ट नाही. श्रावणातल्या कहाण्या आठवा. आटपाट नगर, राजा, एक आवडती, एक नावडती. वसा घेतला तर हे होतं, टाकला तर ते होतं. पूजेनंतर हातात तांदळाचे दाणे धरून ऐकणाऱ्या आपल्या आज्या-पणज्या दरवर्षी त्या जगात जाऊन येत. फरक एवढाच की नावडतीला नावडती कुणी ठरवलं, असं मधेच हात वर करून विचारायची सोय नव्हती. ह्या मुलांना ती आहे. जगाचा एखादा नियम पटला नाही की ती म्हणतात, हे चुकीचं रचलंय. माझ्या मते ह्या सगळ्या खेळात शिकण्यासारखं काही असेल तर ते हेच. एरवी त्यात वेळ जातो, डोळे जातात, आणि काही खेळ तर पैसेही उकळतात. ते आईने बघायचंच.

नियम विचारणारं मूल भोंदूबाबाच्या नादी लागायला जरा तरी कचरेल, असंही मला वाटतं. पैशांचा पाऊस पाडतो म्हणणाऱ्याला ती विचारतील, ह्याची किंमत काय? कोण देणार? आणि पाऊस पाडता येतो तर आमच्याकडे आगाऊ पैसे का मागतोस? डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी अशा प्रश्नांसाठी आयुष्य वेचलं. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. गोष्टीतली जादू आणि दारातली जादू ह्यांत फरक करायला मुलं गोष्टीतूनच शिकतात. गोष्ट काढून घेऊन नाही.

आपल्याच जिल्ह्यात एक गाव आहे, नियम कळायला त्याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही. नेवासे तालुक्यातलं शनि शिंगणापूर. घराला चौकट आहे, दार नाही, अशी पिढ्यांची रीत. चोरी केली तर शनिदेव बघून घेईल. 2011 साली तिथे बँकेची शाखा निघाली, ती सुद्धा कुलुपाशिवाय. भाच्याला हे खरं वाटेना, म्हणाला हे कुणी खेळात लिहिलं असतं तर मी अतिशयोक्ती म्हटलं असतं! पण त्याच गावाचा दुसरा नियम असा होता की चौथऱ्यावर बाईने चढायचं नाही. नोव्हेंबर 2015 मध्ये एक तरुणी चढली तर मागून शुद्धीकरण झालं. 26 जानेवारी 2016 ला निघालेल्या महिलांना वाटेत सुप्यालाच अडवलं. मग 'मिळून साऱ्याजणी'च्या विद्या बाळ आणि अॅडव्होकेट नीलिमा वर्तक मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. तिथे 1956 चा कायदा निघाला, देवस्थानात प्रवेशाचा हक्क देणारा. साठ वर्षं तो कागदावर होताच, फक्त कुणी विचारलं नव्हतं. त्या वर्षीच्या पाडव्याला, 8 एप्रिलला, चौथरा सगळ्यांना खुला झाला. मी स्वतः अजून चढलेले नाही. चढलंच पाहिजे असं नाही. पण आता न चढणं माझ्या हातात आहे.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स ह्या कंपनीने 2020 साली 'राजी' नावाचा खेळ काढला, तो भाच्याने लेकीला दाखवला. राजी ही डोंबारणीसारखी कसरती करणारी पोर, धाकट्या भावाला असुराने पळवलंय, आणि ती दुर्गेचा त्रिशूळ घेऊन त्याला सोडवायला निघते. त्या वर्षी परदेशातल्या मोठ्या पुरस्कारात पदार्पणाच्या खेळांत त्याला नामांकन होतं. लेक बघत राहिली. म्हणाली, "आई, मुलगी आहे, आणि भावाला ती सोडवतेय."

आता जे सांगायचं राहिलंय ते सांगते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी लेकीची पाळी आली. मी सवयीने म्हटलं, संध्याकाळी पूजेला बाहेरच्या खोलीत बस. ती काही रुसली-रडली नाही. आदल्या रात्रीच्या वादात होता तसाच तिचा आवाज होता. "आई, हा नियम कुणी केला? मोडला तर नक्की काय होतं? आणि ते कुणाला होतं, मला की लक्ष्मीला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, आजीला विचार. म्हणजे आजोबांनी मला दिलं तसंच उत्तर मी दिलं. ती खरंच सासूबाईंकडे गेली. सासूबाई म्हणाल्या, "मला माझ्या सासूनं सांगितलं. तवा त्या चार दिवसांतच काय ती पाठ टेकायला मिळायची, बाकी महिनाभर रानात." लेक म्हणाली, "मग आता आईला तसे चार दिवस का नाही मिळत?"

त्या संध्याकाळी ती पूजेला बाहेरच बसली. पणत्या तिने लावल्या, पण देवघरात आली नाही. मी तिला आत बोलावलं नाही. घरात पाहुणे होते, सासूबाई होत्या, ही कारणं आहेत. पण बोलावलं नाही हे खरं. एवढी मोठी बाई मी, दर आठवड्याला तुम्हाला ह्या जागेवरून चार शब्द सांगते, आणि ऐन वेळी त्या मनोऱ्याच्या पहारेकऱ्यासारखी उभी राहिले.

सुट्टी संपून भाचा गेला. सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, त्यामुळे त्यांचं पोथीवाचन बंद पडलं होतं. लेकीने एका संध्याकाळी देवघरातून 'नवनाथ' काढलं आणि म्हणाली, मी वाचते, तू ऐक. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. ह्या वेळी मी मान डोलावली. रोज दिवेलागणीला अर्धा तास चालतं. लेकीने वहीत मागे एक तक्ता केलाय, कुणाला विद्या कुणाकडून मिळाली, काय द्यावं लागलं, आणि तो भाच्याला फोनवर वाचून दाखवते.

काल गहिनीनाथाची गोष्ट आली. बाहुलं जिवंत झालं तिथे लेक थांबली. "आजी, मंत्र चुकून तोंडातून गेला तरी चालतो. मग बाईने नीट म्हटला तर का चालू नये?"

सासूबाई थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पुढं वाच."