नाव न घेतलेली साथ

गाणं सुरू झालं की सगळ्यांचे डोळे गाणाऱ्याकडे लागतात. टाळ्या त्याला, श्रीफळ त्याला, दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर चर्चाही त्याच्याच आवाजाची. डाव्या कोपऱ्यात खुर्चीवर बसून तीन तास तारा छेडणारा माणूस कोण, हे सहसा कुणी विचारत नाही. अशा एका माणसाशेजारी बसून मी वीसेक वर्षं बोंगो वाजवला. बँकेत तो कॅशियर होता आणि आमच्या वाद्यवृंदात गिटारवादक. गेल्या पावसाळ्यात तो गेला.

आमच्या लहानपणी मध्यमवर्गीय घरात पेटी-तबल्याला मान होता. गिटार मात्र मुलगा वाया चालल्याची खूण समजली जाई. मग १९७१ साली ‘हरे रामा हरे कृष्णा’ आला, १९७३ साली ‘यादों की बारात’ आला, आणि राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांतून गिटार रेडिओवाटे थेट माजघरात येऊन बसली. ‘हरे रामा’तल्या त्या गाजलेल्या गाण्यातली गिटार भूपिंदर सिंग यांची. ते गायकही होते म्हणून लोकांना माहीत झाले. नुसते वादकच असते तर? रेकॉर्डच्या वेष्टनावर वादकांची नावं सहसा नसतच. अँथनी गोन्साल्विस हे गोव्याच्या माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक आणि संगीतकार प्यारेलाल यांचे गुरू. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मुळे त्यांचं नाव देशभर दुमदुमलं, पण ते एका खऱ्या माणसाचं नाव आहे हे किती जणांना ठाऊक होतं?

आमच्या मित्राची गिटार कोलकात्याची, गिवसन. डोंबिवलीहून फोर्टला येताना ती लोकलच्या लगेज डब्यात, भाजीच्या टोपल्यांवर उभी धरलेली असायची. डाव्या हाताच्या बोटांना तारांचे घट्टे, उजव्या हाताला दिवसभर नोटा मोजायचं काम. नोटांची पॅकेटं तेव्हा स्टेपल मारलेली येत. त्या पिना उपसताना बोटं सोलवटून निघत आणि संध्याकाळी त्याच बोटांनी हा तालमीला बसे. २००१ साली रिझर्व्ह बँकेनं पॅकेटांना स्टेपल मारणं बंद करायला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, ‘‘चला, आता बोटं दुखायला एकच कारण उरलं!’’

त्याची खरी कमाल तारांवर नव्हती, कानात होती. आमची एक गायिका कर्ज विभागात होती. मार्चअखेरच्या धावपळीनंतर तिचा आवाज हमखास बसायचा. गणपतीच्या मांडवात किंवा स्टाफच्या स्नेहसंमेलनात ती माईकपाशी येऊन नुसती खाकरली, तरी याला कळे, की आज काळी दोन झेपणार नाही. तो गिटारच्या दांडीवरचा चिमटा गुपचूप एक पडदा मागे सरकवायचा आणि पांढरी दोनमध्ये सुरुवात करायचा. कोणी एक अंतरा विसरून पुढच्या अंतऱ्यावर उडी मारली, तर हा पट्कन तिथं हजर. माझ्याकडे बघून भुवई उचलायचा, तेवढ्यावर मीही पोचायचो. समोरच्या दोनशे माणसांना पत्ताही लागत नसे. गाणाऱ्याला आपली चूक झाली हेसुद्धा कधीकधी घरी गेल्यावर उमगे.

काळ बदलला, त्याला कोण काय करणार? ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आणि रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद होऊ लागले. ते योग्यच होतं, शेजारच्या म्हाताऱ्यांनाही झोप हवीच की! पण पहाटे दोनपर्यंत रंगणाऱ्या कार्यक्रमांचे दिवस संपले. मग एकाच कीबोर्डात दहा वाद्यं आली, आणि पाठोपाठ तयार संगीताचे ट्रॅक. त्याच सुमारास मी ऐच्छिक निवृत्ती घेऊन कादंबऱ्या लिहायला बसलो. तो कॅश काउंटरवरच राहिला. आमचा वाद्यवृंद हळूहळू विरत गेला. भांडण नाही, तंटा नाही. बोलावणंच येईना.

ट्रॅकला मी नावं ठेवत नाही. त्याच्यामुळे साठीच्या आजीही हौसेनं माईक हातात धरतात, हे चांगलंच आहे. पण ट्रॅक थांबत नाही. तुमचा श्वास अपुरा पडला, ओळ चुकली, डोळ्यांत पाणी आलं, तरी तो आपला पुढे निघून जातो. आमचा मित्र थांबायचा. साथ म्हणजे काय, याची याहून सोपी व्याख्या मला अजून सापडलेली नाही. ती फक्त गाण्याला लागू आहे, असंही मला वाटत नाही. संसारात, कचेरीत, म्हातारपणी, माणूस शोधत असतो तो आपली पट्टी ओळखून एक पडदा मागे सरकणारा कुणीतरी.

या लेखात त्याचं नाव घालावं म्हणून मी वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘‘नको भाऊजी. माईकवरून नाव घेतलं तरी अवघडायचे ते, पेपरात कुठे?’’ त्यांचा शब्द मी पाळला. मात्र त्यांच्या घरून निघताना मनात आलं, की त्याला नाव घेतलेलं आवडत नव्हतं, की सवयच झाली नव्हती? गेलेल्या माणसाला हे विचारता येत नाही.

जे आहेत त्यांच्याबाबतीत मात्र हा प्रश्न शिल्लक ठेवायचं कारण नाही. तुमच्या सोसायटीत, मंडळात, शाळेच्या स्नेहसंमेलनात अजूनही कुणीतरी पेटी घेऊन, ढोलकी घेऊन, उसनी गिटार घेऊन कोपऱ्यात बसत असेल. निवेदकानं गायकाइतक्याच मोठ्यानं त्याचंही नाव घ्यावं, निमंत्रण पत्रिकेवर ते छापावं. त्याला खर्च येत नाही. कार्यक्रम संपल्यावर तो एकटाच वायरी गुंडाळत असेल, तेव्हा जवळ जाऊन एवढंच म्हणा, ‘‘साथ छान झाली हं.’’ तो अवघडेल, हसेल, मान खाली घालेल. घालू दे. घरी जाताना त्याचं ओझं थोडं हलकं झालेलं असेल.