डिजिटल वर्ग आणि शेवटच्या रांगेतले डोळे

गेल्या आठवड्यात तिसरीतल्या एका मुलीला घेऊन तिची आई दवाखान्यात आली. तक्रार डोळ्यांची नव्हतीच. मुलगी अधूनमधून डोके दुखते म्हणते, अभ्यासात मागे पडली आहे, तेव्हा एखादे टॉनिक लिहून द्या, असे आईचे म्हणणे होते. पुरावा म्हणून तिने मुलीची वहीच सोबत आणली होती. वहीत 'आबा', 'शख', 'पतग' असे शब्द ओळीने लिहिलेले आणि खाली लाल शाईत शेरा, 'शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे'.

मी मुलीला म्हटले, "बाळ, शंख लिही बरं." तिने टिंबासकट व्यवस्थित लिहिले. पतंगही बरोबर, आंबाही बरोबर. ऐकून लिहिले तर बरोबर आणि बघून उतरवले तर चूक, याचा अर्थ दोष शुद्धलेखनात नाही, हे सांगायला वैद्यकीय पदवी लागत नाही. भिंतीवरचा तक्ता वाचायला लावला, तर मुलगी डोळे बारीक करू लागली. दोन्ही डोळ्यांना वजा एकच्या आसपास नंबर निघाला. एवढ्या नंबरात दूरचे अक्षर ओळखू येते, पण त्याच्या डोक्यावरचे टिंब दिसत नाही. चौकशी केली तेव्हा कळले की, त्यांच्या शाळेत गावकऱ्यांनी वर्गणी काढून मोठा टीव्ही बसवला आहे. गुरुजी त्यावर पुस्तकाचे पान दाखवतात आणि मुले ते वहीत उतरवतात. मुलगी अंगाने उंच, म्हणून तिची जागा शेवटच्या रांगेत.

या शाळेला किंवा गुरुजींना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांनी गेल्या काही वर्षांत लोकसहभागातून जे उभे केले, ते कौतुकास्पदच आहे. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातील पाष्टेपाड्यासारख्या आडबाजूच्या वस्तीची शाळा डिजिटल शाळा म्हणून पुढे आली. २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाल्यावर गावोगावचे शिक्षक पदरमोड करून टीव्ही, प्रोजेक्टर, टॅबलेट आणू लागले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले आणि २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. ज्या मुलाने समुद्र पाहिलेला नाही, त्याला भरती-ओहोटी पडद्यावर दिसली तर धडा कायमचा लक्षात राहतो. हे साधन वर्गात असावे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. माझी तक्रार एवढीच की, टीव्ही बसवताना वायर कोठून न्यायची, फीत कोणी कापायची, याचा विचार होतो. तो पाहणाऱ्या डोळ्यांचा विचार मात्र होत नाही.

आधी थोडे डोळ्याविषयी. जन्मतः बाळाचा डोळा पुढून मागे सुमारे १७ मिलिमीटर लांब असतो. तो वाढत वाढत मोठ्या माणसात सुमारे २४ मिलिमीटर होतो. ही वाढ गरजेपेक्षा जास्त झाली की दूरच्या वस्तूची प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच पडते आणि दूरचे धूसर दिसू लागते. हाच वजा नंबर. एक मिलिमीटर जास्तीची लांबी म्हणजे साधारण अडीच ते तीन नंबर. प्राथमिक शाळेचे वय हे नेमके डोळा वाढण्याचे वय आहे. या वयात लागलेला नंबर पुढे वाढत जाण्याची शक्यता जास्त असते. फार मोठ्या नंबराच्या डोळ्यात पुढे पडदा सुटण्याचाही धोका असतो. म्हणून "लहान आहे, बघू पुढे" हे धोरण येथे चालत नाही.

तासन् तास जवळचे पाहणे आणि उघड्यावर कमी वावर, या दोन्ही गोष्टी नंबर लागण्याला हातभार लावतात. पुस्तक असो की मोबाइल, दोन्ही जवळचेच. पण पुस्तक मूल हातभर अंतरावर धरते आणि मोबाइल वीतभर. वीतभर अंतरावरचे अक्षर स्पष्ट दिसावे म्हणून डोळ्यातल्या स्नायूला जेवढे काम करावे लागते, त्याच्या दहाव्या हिश्शाइतकेही काम दहा फुटांवरच्या टीव्हीसाठी करावे लागत नाही. म्हणूनच 'स्क्रीन वाईट' असे सरसकट म्हणणे मला पटत नाही. भिंतीवरचा मोठा पडदा आणि हातातला छोटा पडदा या डोळ्यांच्या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू आहेत.

कोरोनाच्या काळात हा फरक आपण विसरलो. शाळा बंद होत्या, दुसरा इलाज नव्हता, हे मान्य. त्या काळातही 'टिलीमिली' ही मालिका दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर लागत असे. डोळ्यांचा डॉक्टर म्हणून मला ती व्हॉट्सॲपवर येणाऱ्या धड्यांपेक्षा कितीतरी बरी वाटे. चीनमधील शानडोंग प्रांतातल्या एका शहरात दरवर्षी शाळकरी मुलांचे डोळे तपासतात. तेथे सहा वर्षांच्या मुलांत लघुदृष्टीचे प्रमाण २०१५ ते २०१९ या काळात कधीही ५.७ टक्क्यांच्या वर गेले नव्हते. घरात कोंडलेल्या महिन्यांनंतर, २०२० साली, ते २१.५ टक्के निघाले. हे आकडे आपल्या जिल्ह्याचे नाहीत, पण इशारा म्हणून पुरेसे आहेत.

आता कोरोना गेला, शाळा भरू लागल्या, पण मोबाइलवरचा गृहपाठ मात्र बऱ्याच ठिकाणी तसाच राहिला. संध्याकाळी वडील शेतावरून किंवा कामावरून आले की त्यांचा मोबाइल मुलाच्या हाती जातो. गृहपाठाचा फोटो पाहायला पाच मिनिटे लागतात, नंतरचा तास कशात जातो हे पालकांनाही ठाऊक आहे. केंद्र सरकारने २०२० साली काढलेल्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शक सूचनांत पहिली ते आठवीसाठी ३० ते ४५ मिनिटांची दोनच ऑनलाइन सत्रे सांगितली होती, तीही शाळा बंद असताना. शाळा चालू असताना पहिली ते चौथीच्या मुलाला मोबाइलवर एक मिनिटाचाही गृहपाठ देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शिक्षकांनी तो फळ्यावर लिहावा, मुलांनी वहीत उतरवावा.

वर्गातल्या टीव्हीचेही थोडे गणित आहे. निरोगी डोळ्याला वीस फुटांवरून जेमतेम वाचता येईल असे अक्षर सुमारे ९ मिलिमीटर उंचीचे असते. मुलाने डोळे न ताणता वाचावे, काना-मात्रा-अनुस्वार सुटू नयेत, तर अक्षर त्याच्या तिप्पट, म्हणजे सुमारे एक इंच हवे. ४३ इंची टीव्हीची उंची असते २१ इंच. म्हणजे त्यावर आठ-दहा ओळींपेक्षा जास्त मजकूर नको. पुस्तकाचे अख्खे पान टाकले तर अक्षर अर्ध्या इंचाचेही राहत नाही. मग मागच्या मुलांनी काय वाचायचे? पान मोठे करून तुकड्यातुकड्याने दाखवा, किंवा चित्र टीव्हीवर आणि मजकूर फळ्यावर ठेवा. टीव्ही खिडकीसमोर नको, काचेवर उजेड चमकतो. आणि कविता ऐकवायची असेल तर पडदा कशाला हवा? छोटा स्पीकर पुरतो, मुलांना डोळे मिटून ऐकू द्या.

याहून स्वस्त औषध अंगणात आहे. भर दिवसाच्या उजेडात डोळ्याच्या पडद्यात जी रसायने स्रवतात, ती डोळ्याच्या अवाजवी वाढीला आळा घालतात, असे आता मानले जाते. चीनमधील ग्वांगझो येथे बारा शाळांत याची चाचणी झाली. सहा शाळांतील पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा जादा तास उघड्यावर दिला. तीन वर्षांनी त्या मुलांत लघुदृष्टी ३०.४ टक्के आणि इतरांत ३९.५ टक्के आढळली. २०१५ साली ही माहिती प्रसिद्ध झाली. आपल्याकडे अभ्यासक्रम मागे पडला की सर्वात आधी खेळाचा तास कापला जातो. शहाणे पालक 'ब्ल्यू कट' काचांसाठी जादा पैसे मोजतात. त्या काचांनी नंबर थांबत नाही. ते पैसे चेंडू आणि दोरीवर उडी मारायच्या दोऱ्यांवर खर्च केले तर निदान मुले बाहेर तरी पडतील.

राहिला प्रश्न तपासणीचा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत यावे, अशी योजना आहे. अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून शाळकरी मुलांना मोफत चष्मे देण्याचीही तरतूद आहे. पण पथक आले त्या दिवशी मूल गैरहजर असेल तर वर्ष गेले. म्हणून पथकाची वाट न पाहता शिक्षकांनीच पहिली चाळणी लावावी. व्हरांड्याच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावा, वीस फुटांवर खडूने रेघ मारा. मुलाला रेघेवर उभे करून एक डोळा तळहाताने झाकायला सांगा (बोटांनी नको, मुले फटीतून बघतात) आणि एकेका डोळ्याने वाचून घ्या. ज्याला खालच्या ओळी वाचता येत नाहीत, त्याचे नाव लिहून पालकांना कळवा. अख्ख्या वर्गाला एक सकाळ पुरते.

त्या मुलीच्या आईने जाताना दबक्या आवाजात विचारले, "डॉक्टर, एवढ्या लवकर चष्मा लावला तर नंबर वाढणार नाही ना? मुलीची जात आहे." चष्म्याने नंबर वाढत नाही, आणि चष्मा न लावल्याने तो कमीही होत नाही, हे मी तिला दोनदा सांगितले. टॉनिक लिहून दिले नाही. गुरुजींच्या नावाने एक चिठ्ठी मात्र दिली. चष्मा तयार होईपर्यंत मुलीला पुढच्या रांगेत बसवावे आणि 'शुद्धलेखना'चा तो शेरा खोडावा, एवढेच तिच्यात लिहिले आहे.